एकोणतीस फेब्रुवारीचं ऊन

बायू, माझी लेक, दुपारी झोपली की मला चाळीस मिनिटं मिळतात. कधी पन्नास. त्याहून जास्त हवी असतील तर तिला मांडीवरून उतरवायचं नाही, पाय बधिर झाला तरी हलायचं नाही, लॅपटॉप उशीवर ठेवायचा आणि एका हाताने टाइप करायचं. माझा एम.टेक.चा अर्धा प्रबंध असा एका हाताने लिहून झाला. दुसऱ्या हाताखाली तिची छाती वरखाली होत असायची. ती झोपेत हसली की आपण कुठल्या ओळीवर होतो तेच मी विसरायची.

विषय मी स्वतः निवडला होता. पेणच्या खाडीकाठच्या मिठागरांवर किती ऊन पडतं, आणि त्या उन्हावर वीज करता येईल का. कारण साधं होतं. माझे बाबा मिठागरावर राबतात. मिठागर शेठचं, बाबा वाट्याने करतात. आमची स्वतःची म्हणावी अशी खाडीलगतच्या खाजणातली दीड एकर होती, ती नव्या रस्त्यात गेली. तिचे पैसे आले ते माझा धाकटा भाऊ निकेत याच्या घरासाठी ठेवायचे असं ठरलं होतं. तेवढ्यात मी अक्षय ऊर्जेच्या एम.टेक.चं माहितीपत्रक घेऊन माहेरी गेले. दोन वर्षांची फी नऊ लाख. आकडा सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की आयने विचारलं, "किती? नव्वद हजार?"

बाबांनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. पण चित्रं बघून म्हणाले, "उनाचा शिक्षान हाय ना? मंग शिक. घर काय, मागनं बांदू."

गावात ही बातमी गेली तेव्हा शेजारच्या मिठागरावरचे तुळशीरामकाका बांधावरून ओरडले होते, "दिनानाथ, तुजा जल्म गेला उनात फुकटचा, आनी आता पोरीला पैसं भरून उनात बसवतंस व्हय?"

बाबा सगळ्यांबरोबर हसले. रात्री जेवताना आठवून पुन्हा हसले.

कॉलेज अलिबागच्या वाटेवर, रस्त्यापासून आत, डोंगराला टेकून. पत्रकावर समुद्रकिनारा होता आणि त्यावर तीन पवनचक्क्या. माझी मैत्रीण आश्लेषा काशीदची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "हा किनारा आपल्याकडचा नाहीच. आपल्याकडे असता तर पवनचक्कीला उंट बांधलेला दिसला असता, आणि खाली नूडल्सचा स्टॉल." आम्ही खूप हसलो. पहिल्या महिन्यात हसू यायचं.

मग यायचं बंद झालं. प्रयोगशाळेला कुलूप होतं, किल्ली ज्यांच्याकडे ते सर सोडून गेले होते. त्यांच्यानंतर आणखी तिघे गेले. जे उरले ते पडद्यावरची पानं वाचून दाखवायचे, आणि वाचताना त्यांनाही ती पहिल्यांदाच दिसतायत हे आम्हाला कळायचं. कारखान्याची भेट म्हणून आम्हाला एका गेटपर्यंत नेलं, तिथे फोटो काढला आणि परत आणलं. नोकरीसाठी आलेली पहिली कंपनी पनवेलला घरोघर जाऊन पाणी तापवायचे बंब विकायची माणसं शोधत होती. आश्लेषा म्हणाली, "बारावीवर पण हे मिळालं असतं गं."

तक्रार करायची असं दर महिन्याला ठरायचं. अर्ज लिहिला जायचा, पहिली सही कुणी करायची यावर तो अडायचा. मी तर घरीही काही बोलले नाही. बोलणार कसं? विनेश, माझा नवरा, ट्रेलर घेऊन बंदरावर जायच्या आधी पहाटे मला डबा भरून द्यायचा. कॉलेज असेल त्या दिवशी सासूबाई बायूला दिवसभर सांभाळायच्या, आणि बाबा भेटेल त्याला सांगायचे, माझी पोरगी उनाची इंजिनेर होतेय.

म्हणून मी ठरवलं की निदान प्रबंध तरी खरा करायचा. दोन वर्षांतली एक गोष्ट तरी.

त्यासाठी ऊन मोजलेले आकडे हवे होते. ते आमचे मार्गदर्शक देवव्रत सरांनी दिले. कॉलेजच्या गच्चीवर हवामान केंद्र आहे, ऊन मोजणारं यंत्र, वाऱ्याची फिरकी असं सगळं, आणि त्याची रोजची नोंद होते. गेल्या वर्षीच्या जानेवारी ते एप्रिलची फाइल त्यांनी मला मेल केली. मला वाटलं, याला बाबांच्या नोंदी जोडाव्यात.

बाबांच्या नोंदी म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. त्यात आय दुधाचा हिशेब लिहिते, सिलिंडर कधी लागला ते लिहिते, आणि तारखेच्या उरलेल्या कोपऱ्यात बाबा खूण करतात. दिवसभर ऊन असलं की गोल. ढग असला की फुली. मिठाच्या वाफ्यात खाडीचं पाणी घेतल्यापासून किती गोल झाले ते मोजायचे आणि त्यावरून मीठ कधी ओढायचं ते ठरवायचं. मधे फुली आली की मोजणी मागे. आजोबा कोळशाने कुडावर करायचे, बाबा पेनाने कॅलेंडरवर करतात, एवढाच फरक. वर्ष संपलं तरी जुनं कॅलेंडर नव्याच्या मागे त्याच खिळ्याला राहतं. यंदाच्या फेब्रुवारीत मी त्याचे फोटो काढून आणले आणि दुपारच्या त्या चाळीस मिनिटांत एकेक तारीख जुळवायला बसले.

एवढं छान जुळत होतं की मला रडू येईल असं वाटलं. जिथे बाबांचा गोल तिथे यंत्राचा मोठा आकडा. जानेवारीत दोन फुल्या, तिथे आकडा खाली. (त्या दोन फुल्या जुळल्या हा निव्वळ योगायोग होता, हे मला पुढे कळलं. तेव्हा मी बायूच्या पायाची पापी घेतली होती.) मग मार्च आला. सतरा, अठरा, एकोणीस. बाबांच्या तीन फुल्या, ओळीने. यंत्राचे आकडे मात्र चढते, लखलखीत ऊन.

मी बाबांना फोन लावला.

"बाबा, गेल्या वर्षी मार्चच्या सतरा तारखेला ढग होता का रे?"

"आता कसा आठवंल? फुली हाय का?"

"आहे. तीन दिवस आहेत. पण आमच्या यंत्रात ऊन आहे."

फोनमध्ये नुसता वारा ऐकू आला. बाबा बांधावर असणार. मागून आयचा आवाज, "ढग न्हवता कसा? पोरीचं लंगोट मी चुलीवर सुकवलं, ता का ऊन होता म्हनून?"

बायू तेव्हा दहा-बारा दिवसांची होती. मी बाळंतपणाला माहेरीच होते. पण मला काय आठवणार? खिडकीला गोधडी लावलेली, आत शेकाची शेगडी, आणि माझ्या कुशीत हा इवलासा जीव. बाहेर दिवस आहे की रात्र तेसुद्धा मी आयला विचारायची.

"आये, तू थांब गं," मी फोनवरच म्हणाले. "बाबा, यंत्र दर दहा मिनिटांनी मोजतं. तुझं पेन चुकलं असेल. पुढच्या आठवड्यातला ढग मागे लिहिला असशील."

"मंग माजाच चुकला आसंल," बाबा म्हणाले. लगेच म्हणाले. "डोल्याला आता दिसतंय कवरा? मशीन का खोटा बोलंल?"

आणि मी म्हणाले, "नाही बोलणार."

पुढच्या रविवारी बायूला घेऊन माहेरी गेले. बाबांनी जुनं कॅलेंडर खिळ्यावरून काढून, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं. "ने तुज्या कालेजात. नीट करून ठेवलाय." मी उघडून पाहिलं. सतरा, अठरा, एकोणीस. तिन्ही फुल्यांवर त्यांनी निळ्या पेनाने गोल काढले होते. दाबून, दोनतीनदा गिरवून. खालची फुली तरी दिसतच होती. बाकीच्या सगळ्या खुणा पाहिल्या तर हात न उचलता काढलेल्या, सैल. हे तीन गोल मात्र शाळेतल्या मुलाने काढावेत तसे.

मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं. आता जुळतंय, असं वाटलं.

प्रबंध द्यायला बारा दिवस राहिले असताना मी शेवटचा तक्ता करत होते. बायू मांडीवर. एका रांगेत बाबांच्या खुणा, शेजारी यंत्राचे आकडे. खाली बेरीज आली ती एका बाजूला एकशे एकवीस आणि दुसऱ्या बाजूला एकशे वीस. मला वाटलं, माझीच खूण जास्त झाली. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मग वरून एकेक तारीख बोटाने खाली येत गेले. यंत्राच्या फाइलमध्ये अठ्ठावीस फेब्रुवारीनंतर एक मार्च होता.

गेलं वर्ष लीप वर्ष होतं.

कॅलेंडरवर एकोणतीस फेब्रुवारी होती. दूध एक लिटर, आणि कोपऱ्यात बाबांचा गोल. यंत्राने मात्र तो दिवस पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन आमच्या आधीच्या बॅचचा एक प्रबंध काढला. त्यात गेल्या वर्षाच्याही आधीच्या वर्षाचे आकडे परिशिष्टात होते. सतरा मार्च. अठरा मार्च. एकोणीस मार्च. दशांश चिन्हानंतरचे आकडेसुद्धा तेच. फाइलमधलं फक्त वर्ष बदललं होतं, आणि बदलणाऱ्याला फेब्रुवारी किती दिवसांचा ते आठवलं नव्हतं.

मी आणि आश्लेषा गच्चीवर गेलो. दोन वर्षांत तिथे जायची वेळच आली नव्हती, दाराला साखळी असायची. वॉचमन रावजी म्हणाले, "वर काय हाय बघायला? मी गोधड्या टाकतो तिथं." आणि खरंच, वाऱ्याच्या फिरकीच्या खांबाला दोरी बांधून त्यावर दोन गोधड्या वाळत घातलेल्या होत्या. फिरकीचे दोन पेले गळून पडलेले, तिसरा खाऱ्या वाऱ्याने गंजून जागच्या जागी धरलेला. ऊन मोजणाऱ्या काचेवर कावळ्यांची घाण. तिची वायर भिंतीवरून खाली नोंदी साठवणाऱ्या डब्यापर्यंत येत होती. डबा मी उघडला. आत वायर कशालाच जोडलेली नव्हती. डब्यात रावजींची तंबाखूची पुडी होती.

आश्लेषाने फोटो काढले. "आता बघच तू," ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "माझ्याही प्रबंधात तेच आकडे आहेत. दोघीही लिहू. प्रबंधातच लिहू, केंद्र बंद होतं म्हणून."

मी कठड्याला टेकून उभी राहिले. तेव्हा कुठे मला तो वास आठवला. बायूच्या लंगोटांना येणारा धुराचा वास. तीन दिवस मी तिला छातीशी धरलं की तिच्या अंगाला चुलीचा वास येत होता, आणि मला वाटलं होतं नव्या बाळाला असाच वास येत असेल.

देवव्रत सरांकडे गेले. सर तिशीचे, नागावचे. घरची नारळ-सुपारीची वाडी आहे, म्हणून कंत्राटी पगारावर टिकून आहेत असं सगळे म्हणायचे. त्यांनी दार लावून घेतलं.

"मी इथे आलो तेव्हाच ते बंद होतं," ते म्हणाले. "तीनदा लिहून दिलं. चौथ्यांदा लिहिलं असतं तर मला रजेवर पाठवलं असतं."

"सर, मग तुम्ही मला ते आकडे का दिलेत?"

"दोन बॅचा त्यावर पास झाल्यात, प्राप्ती. त्यातला एक पुण्यात चांगल्या कंपनीत आहे. तिथे कुणी विचारलं का त्याला, गच्चीवर काय आहे?" त्यांनी आवाज खाली आणला. "ते कॅलेंडर काढून टाक. नुसता यंत्राचा भाग ठेव. वीस मिनिटांत व्हायवा आटपेल. दोन वर्षं घातलीस, तान्ही मुलगी घरी ठेवून आलीस. मी हे तुझ्यासाठी सांगतोय."

ते माझ्यासाठीच सांगत होते, हे मला दिसत होतं.

घरी विनेशला सांगितलं. तो बायूला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता. म्हणाला, "काढून टाक ना मग. पास हो, विषय संपव. मी रोज बंदरावर खोट्या वजनाच्या पावत्या बघतो, मी काय ट्रेलर उभा करून बसतो का?"

"बाबांना मी चुकीचं ठरवलं, विनेश."

"त्यांना काय फरक पडतो?"

पण कॅलेंडर काढून टाकणं म्हणजे ते चुकलं असं कायमचं लिहून देणं, एवढं मला कळत होतं. यंत्राची रांग मी ठेवली, शेजारी बाबांची ठेवली, आणि खाली लिहिलं की हवामान केंद्र या काळात बंद होतं, हे आकडे आदल्या वर्षाचे आहेत, मिठागरावरची नोंदच विश्वासार्ह आहे. तेवढा परिच्छेद मी बायूला पाळण्यात ठेवून, दोन्ही हातांनी लिहिला.

व्हायवाला बाहेरगावचे एक परीक्षक होते, विभागप्रमुख होते, आणि टेबलाच्या कडेला देवव्रत सर. परीक्षक वयस्कर, बोलायला चांगले. पानं उलटत ते कॅलेंडरपाशी थांबले.

"हे काय? गोळे आणि फुल्या?"

"सर, माझ्या वडिलांच्या नोंदी आहेत. ते मीठ पिकवतात."

"अरे वा." त्यांना खरंच आवडल्यासारखं वाटलं. त्यांनी चष्मा वर केला, कॅलेंडर डोळ्यांजवळ नेलं. मूळ कॅलेंडरच मी बरोबर नेलं होतं. "पण इथे तर खाडाखोड आहे. सतरा, अठरा, एकोणीस. ढगाचं ऊन केलंय."

"ते माझ्यामुळे झालं, सर."

"म्हणजे नोंद तुम्ही बदललीत?"

"नाही सर. मी त्यांना सांगितलं की यंत्रात ऊन आहे, म्हणून त्यांनी…"

"म्हणजे तुम्ही सांगितल्यावर त्यांनी बदलली." त्यांनी चष्मा खाली केला. आवाज चढवला नाही. "मग यातली बाकीची कुठली खूण कुणाच्या सांगण्यावरून झाली, ते मला कसं कळणार?"

मी एकोणतीस फेब्रुवारीचं सांगितलं. विभागप्रमुख हसून म्हणाले, फाइल काढताना एखादी ओळ राहते. मी गच्चीचे फोटो दाखवले. ते म्हणाले, आज बंद आहे म्हणजे तेव्हा बंद होतं असं होत नाही. दोन वर्षांचे आकडे दशांशापर्यंत सारखे आहेत, हे मी तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्यांनी फाइल मिटली.

"मॅडम, आज तुमची व्हायवा आहे. कॉलेजची नाही."

लंगोटांचं सांगावं असं जिभेवर आलं होतं. त्या थंडगार खोलीत, तीन पुरुषांसमोर. मी गिळलं.

निकाल दुपारी लागला. प्रबंध पुन्हा सादर करावा, पुढच्या सत्रात, त्या सत्राची फी भरून. आश्लेषा पास झाली. तिने शेवटच्या रात्री आपल्या प्रबंधातला तो परिच्छेद काढला होता. जिन्यात तिने माझा हात धरला. "तुझ्याकडे विनेश आहे गं," ती म्हणाली, "माझ्याकडे बँकेचा फोन येतो रोज." मला तिचा राग आला नाही. तिच्या हाताला घाम आला होता, तो माझ्या तळव्याला बराच वेळ लागून राहिला. देवव्रत सर पार्किंगमध्ये दिसले, आणि मला पाहून गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेले.

दुसऱ्या दिवशी बायूला घेऊन माहेरी गेले. मे महिना, मीठ तयार होतं. बांधाच्या दोन्ही बाजूंना वाफ्यांतलं पाणी आटून पांढरी साय धरलेली. आय लाकडी दाताळं घेऊन एका वाफ्यातलं मीठ कडेला ओढत होती. बाबा बांधावर उकिडवे बसले होते. बायूला बघून त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

मी सगळं सांगितलं. यंत्र बंद होतं, आकडे खोटे होते, तुझी फुली बरोबर होती बाबा. तिन्ही फुल्या बरोबर होत्या. मीच चुकले. मला वाटलं होतं, एवढं ऐकून त्यांचा चेहरा बदलेल.

ते बायूच्या मुठीतला मिठाचा खडा काढून घेत होते. ती तो तोंडात घालायला बघत होती.

"मंग पास झालीस ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. पुन्हा करायला सांगितलंय."

"कॅलेंडरवरनं?"

"कॅलेंडरवरून म्हणजे… त्यांनी खाडाखोड बघितली."

बाबांनी मान खाली घातली. "मी तुला तवाच बोललो होतो, माजा चुकला. माज्या रेघोट्या कशाला नेल्यास तू तवऱ्या मोठ्या मान्सांसमोर?"

"बाबा, ऐक ना. तुझं चुकलं नाही. कॉलेजच खोटं आहे."

"असा बोलू नये."

"खरंच सांगते. गच्चीवर जाऊन बघितलं मी."

"प्राप्ती," बाबा म्हणाले. ते मला नावाने क्वचित हाक मारतात. "नव लाखाचा कालेज खोटा कसा आसंल?"

माझ्याजवळ फोनमध्ये फोटो होते. काढून दाखवले असते. पण ते माझ्याकडे असे बघत होते, की जणू मी त्यांचं मन राखायला काहीतरी रचून सांगते आहे आणि त्यांना त्याचंही कौतुक आहे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तळवा मिठाने खरखरीत. "मन मोठा हाय तुजा. आयच्यावर गेलीस."

"माज्यावर न्हाय गेली," आय वाफ्यातूनच म्हणाली. "मी असती तर त्या मास्तराला ह्याच दाताल्याने ओढला असता."

मग तिने कंबर धरून वर पाहिलं. खाडीच्या तोंडावर, दक्षिणेकडे, ढग दिसत होते. फार नव्हते. खालून करडे, वरून पांढरे. वारा पडला होता.

दोन वाफे ओढून झाले होते, सहा बाकी होते. एक दिवस आणखी उन्हात राहिलं तर दाणा जाड येतो आणि शेठ भाव बरा देतो. पण पाऊस पडला तर सगळं पाणी. दरवर्षी मे महिन्यात हा निर्णय बाबा घेतात. लहानपणापासून पाहिलंय मी, ते असे उभे राहतात, नाक वर करतात, दोन श्वास घेतात आणि म्हणतात, ओढा, किंवा म्हणतात, राहू दे.

बाबा उभे राहिले. दक्षिणेकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"तुज्या मोबायलात काय बोलतंय?"

"बाबा, तू सांग ना."

"तुजा शिक्षान हाय त्यातला."

"तू सांग. तुला कळतंय."

"मना न्हाय कलत आता," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. गुडघा दुखतो हे सांगावं तसं सांगितलं. "कवा वाटतंय ढग, कवा वाटतंय न्हाय. या वर्साला मी दोनदा चुकलो."

"कधी?"

उत्तर आयने दिलं. "चुकला न्हाय. औंदा मार्चात मीठ तयार होता, हा बोलला, पोरीला फोन लावतो. तुजा फोन बंद, तू वर्गात. दोन दिस हा बसून. पाऊस आला, गेला मीठ."

मला तो फोन आठवला. तीन मिस्ड कॉल होते. मी संध्याकाळी केला तेव्हा बाबा म्हणाले होते, सहज केला होता, बायू कशी हाय?

मी फोन काढला. हवामानाचं अॅप उघडलं. पेणवर अर्धा सूर्य आणि अर्धा ढग दाखवत होतं, पाऊस चाळीस टक्के. दोन वर्षं आणि नऊ लाख, आणि मला त्या चाळीस टक्क्यांचं काय करायचं ते माहीत नव्हतं. मी मान वर करून ढगांकडे पाहिलं. नाक वर केलं, बाबांसारखा श्वास घेतला. खाजणाचा वास आला, मिठाचा आला, बायूच्या डोक्याच्या तेलाचा आला. त्यातून काही कळलं नाही.

बाबा वाट बघत होते. इतक्या विश्वासाने, की मला त्यांच्याकडे बघवेना.

"बाप-लेकीचा आभ्यास होईस्तवर सगला पानी व्हईल," आय म्हणाली आणि तिने तिसऱ्या वाफ्यात दाताळं टाकलं. मीठ करकरत कडेला यायला लागलं. "काय ता एकदा ठरवा. मी आपली ओढतेय."

बाबा जागचे हलले नाहीत. दाताळं त्यांच्या पायाशीच पडलं होतं. त्यांचे डोळे माझ्या हातातल्या फोनवर.

मी मान हलवली. खरं-खोटं काही माहीत नसताना, नुसती हो, ओढा, म्हणून हलवली.

तेव्हा ते वाकले, दाताळं उचललं, आणि आयच्या मागे वाफ्यात उतरले. मी बायूला कडेवर घट्ट धरून बांधावर उभी राहिले. ती दोघांकडे बोट दाखवून हसत होती. मी दक्षिणेकडे बघत होते आणि मनात पावसाला म्हणत होते, ये. आता तू खरंच ये.

संध्याकाळपर्यंत आठही वाफे ओढून झाले. दाणा बारीक होता. पाऊस आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही, लखलखीत ऊन पडलं. शेठने भाव पाडून दिला. बाबांनी फोनवर मला ते सांगितलं नाही, आयने सांगितलं. बाबा एवढंच म्हणाले, "तू बोललीस म्हनून ओढला. आला आसता पाऊस तर?"

आणि पुढे म्हणाले, पुढच्या सत्राच्या फीचं बघतो.